पायांपर्यंत कागद पुरत नाही

लाइफ स्टडीचा हॉल पश्चिमेला.
एप्रिलात तीननंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो
आणि जलरंगाचा वॉश खाली उतरायच्या आत
मधेच वाळतो, त्याची कड उमटते,
ओढा आटल्यावर दगडावर राहते तशी.
आम्ही बोर्ड कूलरच्या तोंडाशी लावतो,
वाळ्याच्या वासाचं आकाश रंगवतो.
गजभिये मॅडम म्हणतात, हवामान हेसुद्धा माध्यम आहे,
आणि पदरानं मान पुसतात.

स्टिल लाइफला आता संत्री ठेवत नाहीत.
दुपारपर्यंत रचनेतून दोन कमी व्हायची
आणि बोटांना वास असूनही कोणी कबूल व्हायचं नाही.
म्हणून वांगी, पितळी तपेली, आणि पांढरं फडकं,
ज्यात पांढरं कुठेच नसतं.
हे एवढं दिसायला मला पहिलं वर्ष लागलं.

बाबा उमरेडच्या गाडीवर कंडक्टर.
त्यांच्या लेखी सुटणाऱ्या प्रत्येक गाडीला पाटी असते.
मी सांगते, बी.एफ.ए., पेंटिंग.
ते म्हणतात, ते गाव समजलं,
त्याच्या पुढचा थांबा सांग.

मंगळवारी डोमाजी हेडाऊ येतात,
तासाच्या हिशेबानं बसायला.
सदरा काढून घडी घालतात, चष्मा घडीत ठेवतात,
आणि चौथऱ्यावरच्या लाकडी स्टुलावर असे बसतात
की माशी आली तरी पापणीच काय ती हलते.
फक्त पाय.
पायांचे अंगठे हळूच दबतात, एकदा डावा, एकदा उजवा.
मॅडम म्हणतात, बाबा, हलू नका.
ते म्हणतात, मी कुठं हलून राहिलो?

मी खांदे काढते. गळ्याची हाडं, त्यांच्यामधला खळगा,
पोटावरच्या तीन वळ्या, कोळशानं, मग बोटानं.
गुडघ्याशी येईतो कागद संपतो.
दर वेळी संपतो.
मी मोजायला चुकते, असं मी सांगते.

चहाच्या सुट्टीत ते चष्मा लावून
एकेका इझलसमोर उभे राहिले, सदऱ्याची बटणं लावत.
माझ्यापाशी थांबले.
"काऊन व पोरी, तू बी मले इथूनच कापलं?"
मी म्हटलं, कागद पुरला नाही.
"मी खड्ड्याच्या मागावर बसलो चाळीस वर्षं.
पाय खाली, अंधारात, पावड्यायवर.
गिऱ्हाईक आला का त्याले मी दिसे कमरेच्या वर.
लग्नात उभा राह्यलो तवा लोकायले समजलं
का मी उंच हाओ."
आणि हसले. चहा बशीत ओतला.

त्या दिवशी मी खालून सुरुवात केली.
टाचेच्या भेगांपासून,
त्या भेगांत कोळसा आपोआप बसला.
घोट्यापाशी जुन्या दोरीचा काच असावा तशी खूण,
आणि अंगठे,
दबलेला एक, सुटलेला एक, पुन्हा दबलेला,
तिन्ही एकमेकांवर, पुसले नाहीत.
वर जाता जाता कागद संपला.
या वेळी डोकं राहिलं.

वीसपैकी अकरा.
मागे मॅडमच्या बारीक अक्षरात: प्रमाण बघ.
त्याखाली, खोडून पुन्हा लिहिलेलं: पाय ठेव.

रविवारी बाबांनी गुंडाळी उघडली.
ड्यूटीवरून आलेले, अजून बूट काढले नव्हते.
बराच वेळ बघत राहिले,
मी पाटीच्या प्रश्नाची वाट बघत होते.
"कोण हा?"
मॉडेल आहेत. हेडाऊबाबा.
"उभ्यानं काम नाही केलं यानं कधी," ते म्हणाले.
"माझ्या टाचा अशा नाहीत."
मग खाटेवर बसून बुटाची नाडी सोडू लागले,
आणि मान वर न करता,
"पंख्याखाली ठेवू नको ते.
काळं उडून जाईल."